जुन्या फोर बाय फोर गाडीला चोरीरोधक कुलपे बसवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

जुन्या फोर बाय फोर गाडीला चोरीरोधक साधने बसवायची ठरवल्यावर बहुतेक मालक आधी कुलूप विकत आणतात आणि ते कुठे बसेल याचा विचार नंतर करतात. आधी कळस मग पाया असा हा प्रकार असल्यामुळे भक्कम पोलादी कुलूप गंजक्या पत्र्यावर दोन साध्या बोल्टने टांगलेले दिसते, आणि चोराला कुलपाशी झटापट न करता पत्राच फाडता येतो. दुसरी, याहून जास्त आढळणारी चूक क्रमाची आहे. डोके तुटणारे कायमचे बोल्ट (पुरेसे आवळले की ज्यांचे डोके तुटते आणि जे पान्याने परत निघत नाहीत) पहिल्याच दिवशी आवळले जातात, नंतर गिअर नीट पडत नाही किंवा पेडल अडते हे लक्षात येते, आणि मग स्वतःचेच काम ग्राइंडरने कापून काढावे लागते.

हा लेख प्रामुख्याने शिडीच्या आकाराची चॅसिस, हाताने टाकायचा गिअर आणि वेगळा ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) असलेल्या, इमोबिलायझर (योग्य चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारे इलेक्ट्रॉनिक साधन) नसलेल्या गाड्यांसाठी आहे. अशा गाडीचे डिझेल इंजिन यांत्रिक पंपावर चालत असेल, तर ते विजेशिवायही चालू राहू शकते आणि इग्निशनच्या चावीवर फार विसंबून राहता येत नाही. म्हणून गाडी चालवताच येऊ नये, बॉनेट आणि बॅटरीपर्यंत हात पोहोचू नये आणि सुटे भाग काढून नेता येऊ नयेत, अशी तिहेरी व्यवस्था करावी लागते.

## टप्पा १: पाहणी आणि आराखडा

खरेदीपूर्वी गाडीभोवती वही घेऊन फिरावे आणि चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. गाडी चालवत नेता येईल का? दुसऱ्या गाडीने ओढून किंवा ट्रकवर चढवून नेता येईल का? आत शिरण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता आहे? कोणते भाग साध्या पान्याने सुटतात? कापडी हूडच्या गाडीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कुठूनही' असेच असते, त्यामुळे तिथे दाराच्या कुलपांवर खर्च करण्यापेक्षा पेडल, गिअर आणि आतली बोल्टने बसवलेली पेटी यांकडे लक्ष द्यावे. धातूच्या बंद बॉडीच्या गाडीत सरकत्या काचांच्या खिट्ट्या आणि मागच्या दाराचे कुलूप हे कच्चे दुवे असतात.

यानंतर प्रत्येक साधन नेमके कशावर बसणार आहे ते पाहावे. फ्लोअरचा पत्रा वरून चांगला दिसतो, पण मॅट आणि त्याखालचा फोम उचलल्याशिवाय त्याची खरी अवस्था कळत नाही. गाडीखालून पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे, भदभद आवाज आला किंवा पापुद्रे गळाले तर तिथे आधी पत्राकाम करावे लागेल.

जागा ठरल्यावर जाड पुठ्ठ्याचा साचा कापून तो प्रत्यक्ष जागी चिकटवावा. सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून, सर्व गिअर टाकून आणि तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून साचा कुठे घासतो ते पेन्सिलीने खुणावे. या कामात घाई करणारा माणूस नंतर तीच भोके वेल्डिंगने बुजवत बसतो.

तपासणी: कुलपात चावी घालून फिरवण्यासाठी हाताला पुरेशी जागा आहे का, आणि अंधारात, पावसात, हातमोजे घालूनही ते लावता येईल का? जे कुलूप लावायला त्रास होतो ते महिनाभरात लावलेच जात नाही.

## टप्पा २: आधी गाडीचे मूळ दोष काढणे

जुन्या गाडीत इग्निशनचे कुलूप इतके झिजलेले असू शकते की ते दुसऱ्या चावीनेही फिरते. दारांची लॅच ढिली असते, बॉनेटची केबल ताणलेली असते. हे दोष तसेच ठेवून त्यांच्यावर नवी कुलपे चढवण्यात अर्थ नाही.

गिअर लॉक बसवणार असाल तर इंजिन आणि गिअरबॉक्सची रबर माउंटिंग आवर्जून तपासावीत. लॉकचे ब्रॅकेट बॉडीला बसते, पण गिअर लिव्हर गिअरबॉक्सबरोबर हलते. रबर बसलेले किंवा फाटलेले असेल तर इंजिन सुरू आणि बंद होताना लिव्हर चांगलीच झोकांडते आणि ब्रॅकेटवर आपटते. माउंटिंग बदलण्यापूर्वी लॉकचे माप घेतले तर ते माप फुकट जाते, कारण नव्या रबरावर गिअरबॉक्स थोडा वर उचलला जातो.

जे बोल्ट सोडवायचे आहेत त्यांच्यावर आदल्या दिवशी गंज सैल करणारे तेल मारून ठेवावे. जुन्या बिजागऱ्यांचे बोल्ट कोरडे असताना जोर लावला तर ते हमखास आत तुटतात, आणि तुटका बोल्ट ड्रिलने काढण्यात अख्खा दिवस जातो.

## टप्पा ३: हत्यारे, बोल्ट आणि भोक पाडण्याची रीत

टॉर्क रेंच, सेंटर पंच, धार लावलेले एचएसएस (धातूसाठीचे कठीण पोलादी) ड्रिल बिट, गोल कानस, झिंकयुक्त प्रायमर, पोकळीत मारायचे मेण, मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (आट्यांवर लावायचे, बोल्ट सैल होऊ न देणारे द्रव्य) आणि डोळ्यांचा चश्मा एवढे साहित्य हाताशी असावे. बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे घ्यावेत. हा आकडा बोल्टच्या डोक्यावर उठवलेला असतो, तो नसेल तर बोल्ट परत करावा. पत्र्याच्या मागे ३ ते ५ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी हवीच. केवळ मोठे वॉशर लावल्यास पत्रा वॉशरभोवती फाटतो, पट्टी मात्र ओढ मोठ्या भागावर वाटून देते.

भोक पाडण्यापूर्वी पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते डोळ्यांनी पाहावे, अंदाज करू नये. ब्रेकची नळी, डिझेलची नळी आणि मुख्य वायरिंग बहुतेक वेळा चॅसिसच्या आतल्या अंगानेच जाते. खात्री झाल्यावर सेंटर पंचने खूण करून आधी ३ किंवा ४ मिलिमीटरचे भोक पाडावे आणि ते टप्प्याटप्प्याने मोठे करावे. आठ मिलिमीटरच्या बोल्टसाठी साडेआठ ते नऊ मिलिमीटरचे भोक योग्य ठरते. कडा कानसाने साफ कराव्यात, लोखंडाचा कीस ओढून घ्यावा आणि उघड्या धातूवर लगेच प्रायमर लावावे. कीस तसाच राहिला तर पहिल्या पावसातच तांबूस ठिपके दिसू लागतात.

इशारा: चॅसिसच्या वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्टीत भोक पाडू नये, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण तिथेच येतो. भोक अटळच असेल तर उभ्या बाजूच्या मध्यभागी पाडावे; त्यातही आधीपासून असलेले भोक वापरता आले तर उत्तम. स्टिअरिंगची नळी, सीटबेल्टचे खांब, ब्रेक पेडलचा दांडा आणि सस्पेन्शनचे ब्रॅकेट यांना ड्रिल किंवा वेल्डिंग अजिबात करू नये.

वेल्डिंग करायचेच असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींच्या वायरी सोडवाव्यात, टाकी आणि इंधनाच्या नळ्यांपासून दूर राहावे आणि अग्निशामक नळकांडे जवळ ठेवावे. गॅल्व्हनाइझ्ड चॅसिसवर वेल्डिंग करताना निघणारा जस्ताचा धूर श्वासातून गेल्यास ताप भरतो, म्हणून तिथला थर आधी घासून काढावा आणि काम उघड्यावर करावे. कामात हात बसलेला नसेल तर वेल्डिंग कारागिराकडून करून घ्यावे.

इथून पुढे एक नियम पाळावा. प्रत्येक साधन आधी साध्या बोल्टने बसवावे, गाडी काही दिवस नेहमीसारखी वापरावी आणि कुठे अडत नाही याची खात्री झाल्यावरच डोके तुटणारे बोल्ट लावावेत.

## टप्पा ४: गिअर आणि ट्रान्सफर लिव्हरचे लॉक

चालवत नेण्याचा मार्ग बंद करणारे हे सर्वांत उपयुक्त साधन आहे आणि सर्वाधिक चुकाही यातच होतात.

मुख्य गिअर लिव्हरचे लॉक शक्यतो रिव्हर्समध्ये अडकवावे. ब्रॅकेट आधी हलक्या हाताने बसवून प्रत्येक गिअर टाकून पाहावा. इंजिन बंद असताना सारे सुरळीत वाटते, पण परीक्षा पुढे असते. एकाने गाडीत बसून इंजिन सुरू करावे, रेस देऊन सोडावी आणि बंद करावे. दुसऱ्याने लिव्हर आणि ब्रॅकेट यांमधली फट पाहावी. इंजिन सर्वाधिक हलते त्या क्षणीही १५ ते २० मिलिमीटर मोकळी जागा उरली पाहिजे. ती उरली नाही तर चढावर जोर लावताना ब्रॅकेट लिव्हरला ढकलते आणि गिअर निसटतो. दोष गिअरबॉक्सचा समजून मालक गॅरेजच्या फेऱ्या मारत राहतो आणि कारण मात्र त्याने स्वतः बसवलेली पट्टी असते.

ट्रान्सफर लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून तिथेच कुलूपबंद करणारी साधनेही मिळतात. इंजिन सुरू झाले तरी चाकांना जोर मिळत नाही, ही कल्पना चांगली आहे. मात्र तिचा एक परिणाम समजून घेतल्याशिवाय ती वापरू नये.

इशारा: ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असताना मुख्य गिअर टाकून ठेवला तरी तो गाडीला धरून ठेवत नाही. ऑटोमॅटिक गाडीत 'पी'चाही उपयोग होत नाही. गाडी केवळ हँडब्रेकवर उभी राहते. म्हणून उतारावर हे लॉक वापरू नये आणि सपाटीवरही चाकांना ठोकळे लावावेत. ओढून नेण्याविरुद्ध तर या लॉकचा काहीच उपयोग नाही, उलट न्यूट्रलमधली गाडी ढकलणे सोपे जाते.

लँड रोव्हर डिफेंडरसारख्या काही गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूच्या ड्रमवर काम करतो. अशा गाडीचे मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरेन्शियलमुळे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) हँडब्रेक ओढलेला असतानाही ती सरकू शकते. पुढच्या टप्प्यांत चाके उचलावी लागणार आहेत, तेव्हा ठोकळे आत्ताच शोधून ठेवावेत.

ब्रॅकेटचे बोल्ट फ्लोअरमधून आरपार घेऊन खालून पट्टी, स्प्रिंग वॉशर आणि नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कडीमुळे सैल न होणारे) लावावेत. आठ मिलिमीटरच्या ८.८ ग्रेड बोल्टला पोलादी पट्टीवर साधारण २५ न्यूटन मीटर टॉर्क पुरतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवताना पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये गंजरोधक पेस्ट लावावी; दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत झिजू लागते.

## टप्पा ५: पेडल आणि स्टिअरिंग

पेडल लॉकचे दोन प्रकार आहेत. एक पेडल दाबलेल्या स्थितीत अडकवतो, दुसरा पेडलावर पोलादी पेटी घालून त्यापर्यंत पायच पोहोचू देत नाही. जुन्या गाडीसाठी माझी पसंती दुसऱ्याला आहे. क्लच रात्रभर दाबून ठेवला तर मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरच्या जुन्या सीलवर अकारण दाब राहतो. ब्रेक पेडल किंचित जरी दाबलेले राहिले तरी मागचे ब्रेक लाइट लागून राहतात आणि सकाळी बॅटरी बसलेली मिळते. लॉक लावल्यावर गाडीमागे जाऊन दिवे पाहणे हा अर्ध्या मिनिटाचा उपाय आहे, पण तो फार थोडे लोक करतात.

पेटीचे कायमचे ब्रॅकेट बसवताना पेडल वर येताना कुठे अडकत नाही ना, हे पायाने न पाहता हाताने पाहावे. पायाला न जाणवणारे हलके घासणे हाताला लगेच कळते. मॅट ब्रॅकेटभोवती नीट कापावी. दुमडलेली मॅट ॲक्सिलरेटरखाली शिरली तर चोरीपेक्षा मोठे संकट ओढवते.

स्टिअरिंगच्या लॉकबद्दल थोडक्यात. जुन्या स्टिअरिंगची कडी बारीक असते आणि हॅक्सॉने कापता येते, त्यामुळे केवळ कडीला अडकणाऱ्या दांड्यापेक्षा संपूर्ण चाक झाकणारी थाळी बरी. काढता-घालता येणारे स्टिअरिंग बसवायचे असेल तर बॉस (चाक आणि स्टिअरिंगचा दांडा जोडणारा मधला भाग) त्याच गाडीच्या स्प्लाइनचा, म्हणजे दांड्यावरच्या खाचांशी जुळणारा असावा, आणि दरवेळी 'क्लिक' ऐकून, चाक स्वतःकडे ओढून पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये.

तपासणी: सुटे कुलूप प्रवासात कुठे राहणार आहे? खडबडीत रस्त्यावर सीटखालून घरंगळलेला पोलादी दांडा ब्रेकखाली अडकू शकतो. कुलपाइतकीच त्याची क्लिप किंवा खोबण महत्त्वाची असून तीही याच टप्प्यात बसवावी.

## टप्पा ६: बॅटरीचा कट-ऑफ स्विच

बॅटरी गाडीच्या वायरिंगपासून तोडणाऱ्या या स्विचला बाजारात आयसोलेटर म्हणतात. स्विचवर दोन आकडे दिलेले असतात, सतत वाहू शकणारा प्रवाह आणि काही सेकंदांपुरता वाहू शकणारा प्रवाह. डिझेल इंजिनचा स्टार्टर थंडीत काही शे अँपिअर ओढतो. स्वस्त, लाल प्लास्टिकच्या चावीचे स्विच हा भार फार काळ सोसत नाहीत. आतले संपर्क जळतात आणि गाडी आडरानात बंद पडते.

स्विच निगेटिव्ह बाजूला बसवणे सोयीचे असते, कारण केबल चुकून बॉडीला घासली तरी शॉर्ट होत नाही. काम असे करावे:

१. आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट क्रम ठेवावा.

२. स्विच सीटवरून हाताला सापडेल, पण खिडकीतून दिसणार नाही अशा जागी बसवावा. पाण्यातून जाणाऱ्या गाडीत तो शक्य तितका उंचावर असावा.

३. नवी केबल मूळ केबलइतकी किंवा तिच्याहून जाड असावी आणि लांबी कमीत कमी ठेवावी. लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या) दाबयंत्राने बसवावेत. हातोडीने ठोकलेला लग गरम होतो.

४. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच्या सर्व वायरी स्विचच्या दुसऱ्या बाजूला न्याव्यात.

चौथ्या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे. जुन्या गाडीत टर्मिनलपासून इंजिनला एक जाड केबल जाते आणि बॉडीला एक बारीक वायर जाते. जाड केबल स्विचमधून नेली आणि बारीक वायर टर्मिनलवरच राहिली, तर स्विच बंद असतानाही दिवे लागतात. त्याहून वाईट म्हणजे अशा स्थितीत कोणी स्टार्टर मारला तर सगळा प्रवाह त्या बारीक वायरीतून जाऊन तिचे आवरण वितळते. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) असेल तर तिचीही निगेटिव्ह केबल पाहावी. विंचची बॉडी चॅसिसला बोल्टने जोडलेली असल्यामुळे तिची निगेटिव्ह केबल थेट बॅटरीवर राहिल्यास स्विचला वळसा घालणारा रस्ता तयार होतो. विंचसाठी पॉझिटिव्ह बाजूला स्वतंत्र स्विच द्यावा.

इशारा: इंजिन चालू असताना हा स्विच बंद करू नये. अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळून त्याचे डायोड आणि रेग्युलेटर जळू शकतात. यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन स्विच बंद केल्यावरही चालूच राहू शकते, त्यामुळे याला आणीबाणीचा बंद-स्विच समजू नये.

तपासणी: स्विच बंद करून मल्टिमीटरने बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि बॉडी यांमधला व्होल्टेज मोजावा. तो शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ आला पाहिजे. पूर्ण १२ व्होल्ट दिसले तर एखादी वायर राहून गेली आहे.

डिझेलच्या नळीत छुपा कॉक बसवण्याचा सल्ला अनेकदा ऐकू येतो. मी तो देणार नाही. पंपात उरलेल्या इंधनावर गाडी थोडे अंतर जाते आणि नेमकी रस्त्याच्या मधोमध थांबते. मालकच कॉक उघडायला विसरला तर नळीत हवा शिरून सगळी हवा काढत बसावे लागते. विजेचा छुपा स्विच लावायचा असेल तर तो स्टार्टरच्या नियंत्रण वायरीत लावावा, कारण तो बिघडला तरी धावती गाडी बंद पडत नाही.

## टप्पा ७: बॉनेट

बॅटरीचे काम पूर्ण झाल्यावरच बॉनेटकडे वळावे, नाहीतर दर दहा मिनिटांनी नवे कुलूप उघडावे लागते. बाहेरच्या रबरी किंवा स्प्रिंगच्या पकडी असलेल्या गाडीत त्यांच्या जागी चावीच्या पकडी बसवता येतात. आतून केबलने उघडणाऱ्या बॉनेटला दोन्ही कोपऱ्यांवर चावीच्या पिन बसवाव्यात. एकाच बाजूला कुलूप लावले तर दुसरा कोपरा उचलून हात आत जातो. काही गाड्यांचे बॉनेट मागच्या बिजागरीतून उचलून बाहेर काढता येते, तिथे बिजागरीची पिनही अडकवावी.

गाडीची मूळ सेफ्टी कॅच काढू नये. नवे कुलूप चालताना निसटले तर बॉनेट काचेवर येण्यापासून वाचवणारी तीच एक गोष्ट असते. पिनच्या पट्टीखाली रबराचे पातळ वॉशर द्यावे, कारण आडवाटेवर बॉडी पीळ खाते आणि घट्ट जखडलेल्या बॉनेटला पिनभोवती तडे जातात.

इशारा: इंजिनजवळ आग लागली तर बॉनेट काही सेकंदांत उघडता आले पाहिजे. बॉनेटची चावी इग्निशनच्या जुडग्यातच ठेवावी.

## टप्पा ८: दारे, बिजागऱ्या, स्टेपनी आणि चाके

बाहेरून दिसणाऱ्या बिजागऱ्यांची दारे साध्या पान्याने सुटतात आणि अशी दारे, बॉनेटे सुट्या भागांच्या बाजारात सहज खपतात. विशेष डोक्याचे बोल्ट लावताना एका वेळी एकच बोल्ट काढून बदलावा. दोन्ही एकदम काढले तर दार खाली बसते आणि ते पुन्हा रेषेत आणताना लॅचचेही माप बिघडते. स्टेनलेस बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ लावावे, नाहीतर आटे एकमेकांत जाम होतात.

डोके तुटणारे बोल्ट बिजागऱ्यांना लावावेत की नाही हा विचाराचा प्रश्न आहे. दारे काढून फिरण्याची सवय असेल किंवा बिजागऱ्यांच्या बुश वरचेवर बदलाव्या लागत असतील तर पिनवाल्या टॉर्क्स डोक्याचे (ताऱ्यासारखी खाच आणि मध्ये पिन असलेले, खास पान्यानेच सुटणारे) बोल्ट पुरेत.

चाकांच्या लॉकनटमध्ये (खास किल्लीशिवाय न सुटणाऱ्या नटमध्ये) आटे आणि बैठक दोन्ही जुळणे आवश्यक आहे. निमुळत्या बैठकीच्या रिमला सपाट बैठकीचा नट लावला तर तो आवळलेला भासतो आणि धावताना सैल होतो. प्रत्येक चाकाला एक आणि स्टेपनीला एक नट लावून तो हातानेच, उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कवर आवळावा; इम्पॅक्ट गनने त्याची खाच तुटते. साधारण ५० ते १०० किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत. नटची किल्ली गाडीतच, पण डॅशबोर्डमधल्या कप्प्याव्यतिरिक्त दुसरीकडे ठेवावी, कारण चोर आधी तोच कप्पा उघडतो.

## टप्पा ९: जमिनीतील अँकर आणि साखळी

ओढून नेण्याविरुद्ध खरा अडसर हाच आहे. अँकर भरीव काँक्रीटमध्ये बसवावा; फरशी किंवा पेव्हर ब्लॉकवर बसवलेला अँकर पहारीने उचकटतो. नवे काँक्रीट पूर्ण ताकदीला यायला २८ दिवस लागतात, तोवर कायमचे बोल्ट आवळू नयेत. जुन्या काँक्रीटमध्ये भोक पाडल्यावर आतली भुकटी ब्रशने आणि हवेने पूर्ण काढावी. भुकटी राहिली तर रासायनिक चिकटद्रव्य काँक्रीटला न धरता भुकटीलाच धरते आणि बोल्ट हाताने उपसून येतो.

साखळी कडक केलेल्या पोलादाची, १६ मिलिमीटर जाडीची असल्यास हाताच्या बोल्ट कटरला दाद देत नाही. ग्राइंडरपुढे मात्र कोणतीही साखळी केवळ वेळ वाढवते. कुलूप तिच्या तोडीचे हवे. युरोपीय ईएन १२३२० मानकात कुलपांच्या १ ते ६ श्रेणी आहेत आणि मोठा आकडा अधिक मजबुती दाखवतो. कडी झाकलेले कुलूप निवडावे. साखळी जमिनीला टेकू देऊ नये, कारण जमिनीवर कटर टेकवून अंगाचा पूर्ण भार देता येतो.

साखळी बंपरमधून किंवा बोल्टने लावलेल्या हुकातून न नेता चॅसिसच्या बंद भागातून न्यावी. मागच्या एक्सलला गुंडाळण्याचा मोह होतो, पण ब्रेकची नळी त्याच एक्सलवरून जाते. साखळीवर जाड कापडी आवरण असले तरी ती नळीवर दाब देत नाही हे आडवे पडून पाहावे.

इशारा: साखळी लावली की स्टिअरिंगवर लाल फीत अडकवावी. साखळी लावलेली विसरून गाडी पुढे घेतल्यास अँकरआधी गाडीचेच काहीतरी तुटते.

## टप्पा १०: चाचणी, कायमचे बोल्ट आणि निगा

सर्व साधने साध्या बोल्टवर असतानाच स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, लो रेंजमध्ये (ट्रान्सफर केसच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) चढ चढून आणि एक चाक खड्ड्यात उतरवून गाडी पाहावी. कुठे आवाज येतो, कुठे रंग उडाला आहे, हे परतल्यावर टॉर्चने पाहावे. सुमारे आठवडाभर वापरल्यानंतर एकेक साधा बोल्ट काढून त्या जागी डोके तुटणारा बोल्ट लावावा. तो डोके तुटेपर्यंत आवळायचा असल्यामुळे मागच्या नटला पाना लावून धरावे आणि तुटलेल्या टोकावर प्रायमरचा ठिपका द्यावा. ड्रिल न करता बोल्ट परत निघणार नाही, म्हणून बदलण्यापूर्वी प्रत्येक जागेचा फोटो काढून ठेवावा. हेच फोटो आणि पावत्या विमा कंपनीला बदल कळवतानाही उपयोगी पडतात.

चाव्यांची संख्या या टप्प्यापर्यंत बरीच झालेली असते. शक्य असेल तिथे एकाच चावीची कुलपे मागवावीत, प्रत्येक चावीचा क्रमांक टिपून तो गाडीबाहेर ठेवावा आणि जादा जुडगा घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावा.

चिखल आणि पाण्यातून गाडी नेल्यावर कुलपे स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावीत. चावीच्या भोकात घट्ट ग्रीस भरू नये, त्याला धूळ चिकटून ते अडकते. ग्रॅफाइटची भुकटी किंवा कोरडे वंगण वापरावे. कुलूप बसवतानाच चावीचे भोक खाली किंवा बाजूला येईल असे ठेवले तर पाणी साचत नाही. गाडी मेकॅनिककडे सोडताना कट-ऑफ स्विचची जागा, ट्रान्सफर लिव्हरची स्थिती आणि लॉकनटची किल्ली कुठे आहे हे कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावे, आणि गाडी परत घेताना बिजागऱ्या व चाकांचे सर्व विशेष बोल्ट जागेवर आहेत का ते त्याच्यासमोरच मोजून घ्यावे.